इन्सेंटिव्ह लावला, तरी गाडी बारा शर्टांवरच का अडली?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कारखान्यातल्या इन्सेंटिव्ह योजनेबद्दल बोललो. विषय निघाला की मालक मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कामगाराला किती टक्के द्यायचे?" उत्तर देणार आहे, पण जरा पुढे. आधी मी केलेली चूक सांगतो. कारण माझ्या योजनेत टक्का बरोबर होता, तरी योजना पडली. नुसती पडली नाही, जाताना माझी सगळ्यात चांगली कारागीर घेऊन गेली.

व्हिडिओत बोर्डावरचं गणित भराभर झालं. इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे टाकत चला.

माझी चूक

माझं तालुक्याच्या गावी शालेय गणवेशाचं दुकान आहे. दुकानामागे पत्र्याची शेड, त्यात शिलाईचं युनिट. सहा कारागीर मशीनवर, एक जण काज-बटण आणि धागा कटिंगला, एक इस्त्री-पॅकिंगला. एकूण आठ माणसं. प्रत्येक कारागीर पूर्ण शर्ट शिवतो. आमच्याकडे दिवसाला माणशी दहा हाफ शर्ट पडायचे.

आमचा धंदा जूनचा. शाळा उघडायच्या आत माल तयार नसेल तर वर्ष गेलं. म्हणून एका वर्षी जानेवारीत मी जाहीर केलं: दहाच्या वर जो शर्ट निघेल, त्याला १५ रुपये जादा.

पहिल्या आठवड्यात मी खूश. दुसऱ्या आठवड्यात अल्टरचा ढीग लागला. कॉलर वाकडी, बाहीची शिलाई सुटलेली, खिसा तिरका. मी शर्ट मोजत होतो, म्हणून मला शर्ट मिळत होते. चांगले शर्ट मी मागितलेच नव्हते!

दुसरी गंमत बंडलांची. बावीस नंबरचा शर्ट लवकर होतो, अडतीस नंबरला वेळ लागतो. सकाळी बंडलं वाटताना लहान साइजवरून भांडणं सुरू झाली. दोन बंडलं तर मशीनखाली लपवलेली सापडली. आणि इस्त्रीवाला तोंड फुगवून बसला, कारण काम त्याचंही वाढलं होतं, पैसे मात्र मशीनवाल्यांनाच.

हे सगळं मी फेब्रुवारीत दुरुस्त केलं. चेकिंगला पास झालेलाच शर्ट मोजायचा, बंडलं चिठ्ठी टाकून वाटायची, इस्त्री आणि काज-बटणवाल्यांनाही थोडा वाटा. मार्च मस्त गेला. आमच्या सगळ्यात जुन्या ताई दिवसाला सोळा शर्ट काढायला लागल्या. महिन्याला पंचवीस दिवस, रोज सहा शर्ट जादा, १५ रुपयांनी २,२५० रुपये. पगाराव्यतिरिक्त.

आता माझं काय झालं बघा. मार्चअखेर मी तो आकडा वहीत लिहिला आणि पोटात कळ आली. "एकाच बाईला सव्वादोन हजार जादा?" त्या जादा शर्टांनी मला किती मिळवून दिलं होतं, ते मी त्या दिवशी मोजलंच नाही. एक एप्रिलला दर १५ वरून १० केला. वर सांगितलं, "सगळ्यांना परवडलं पाहिजे."

एप्रिलपासून आमच्या युनिटमध्ये एक चमत्कार झाला. सहा कारागीर, सहा जणांचा वेग वेगवेगळा, पण संध्याकाळी वहीत आकडा एकच. बारा. ताईंचेही बारा, नवख्या पोराचेही बारा. साडेचारलाच मशीनचा आवाज मंदावायचा. त्या जूनला एका शाळेची ऑर्डर दोन आठवडे उशिरा गेली. आई-वडील पोरांना घेऊन काउंटरवर उभे, आणि मी नवीन तारखा देतोय. जुलैत ताई दुसऱ्या युनिटला गेल्या.

जाताना मी विचारलं, "ताई, मार्चमध्ये सोळा होत होते, मग बाराच का?" त्या म्हणाल्या, "दादा, सोळा केले तर तुम्ही दर कापला. वीस केले असते तर काय कापलं असतं? बारा बरे. बाराचा कोणाला राग येत नाही."

आजचा सगळा धडा या एका उत्तरात आहे.

हे आधीही घडलंय

बीबीएला आपण हॉथॉर्नचे प्रयोग पाठ केले. शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना. परीक्षेत आपण दिव्यांच्या प्रयोगाचं लिहायचो आणि मार्क घेऊन मोकळे व्हायचो. त्याच मालिकेतला शेवटचा अभ्यास मात्र घाईत वाचून सोडला. तो होता १९३१-३२ चा, टेलिफोन एक्स्चेंजच्या भागांना तारा जोडणाऱ्या चौदा जणांचा.

या चौदा जणांना गटाच्या उत्पादनावर जादा पैसे मिळायचे. कागदावरचा हिशोब सांगत होता की माणूस जास्तीत जास्त काम करेल. प्रत्यक्षात त्या खोलीत "दिवसाचं योग्य काम" किती हे आपसात ठरलेलं होतं. जो त्याच्या वर जाईल त्याची टिंगल व्हायची, दंडावर बुक्की बसायची. फार मागे पडणाराही चालत नसे. कारण विचारलं तर भीती एकच: जास्त काम दिसलं तर दर कापतील, नाहीतर माणसं कमी करतील.

ती माणसं आळशी नव्हती. ती हिशोबी होती. आमच्या ताईंसारखीच.

त्याच्याही आधी, १८९५ मध्ये, फ्रेडरिक टेलर यांनी पीस रेटवरच्या आपल्या निबंधात हीच तक्रार मांडली होती. कामगाराची कमाई वाढली की मालक दर कमी करतो, आणि एकदा असं झालं की कामगार हात आखडता घेतो. सव्वाशे वर्षं उलटून गेली. आपण अजून तीच चूक करतोय, फक्त आता एक्सेल शीटवर करतोय.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या: इन्सेंटिव्ह हा मालकाने दिलेला शब्द आहे. कामगार दराकडे नंतर बघतो. आधी तो बघतो, हा माणूस शब्द पाळतो का.

पुस्तकातल्या योजना: हॅल्सी आणि रोवन

आता थोडं गणित. कॉमर्सवाल्यांना हे आठवत असेल. दोन्ही योजना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या. यात कामाचा वेळ आधी ठरवतात, आणि त्याहून लवकर काम झालं तर वाचलेल्या वेळेचा काही वाटा कामगाराला मिळतो.

समजा, एका कामाला ८ तास ठरवलेत. मजुरी तासाला ६० रुपये. कारागिराने काम ६ तासांत केलं. वाचले २ तास.

हॅल्सी: वाचलेल्या वेळेच्या निम्म्याचे पैसे. २ तासांचे १२० रुपये, त्याचे निम्मे ६० रुपये बोनस. एकूण ३६० अधिक ६०, म्हणजे ४२० रुपये.

रोवन: वाचलेला वेळ भागिले ठरलेला वेळ, गुणिले लागलेल्या वेळेची मजुरी. २ भागिले ८, गुणिले ३६०. बोनस ९० रुपये. एकूण ४५० रुपये.

इथे रोवन कामगाराला जास्त देते. आता समजा काम ३ तासांतच झालं. वाचले ५ तास. हॅल्सीने बोनस १५० रुपये, रोवनने ११२ रुपये ५० पैसे. आता उलटं झालं. अर्ध्यापेक्षा कमी वेळ वाचला तर रोवन उदार, अर्ध्यापेक्षा जास्त वाचला तर हॅल्सी. बरोबर अर्धा वाचला तर दोन्ही सारख्या.

रोवनचा फायदा असा, की मालकाने वेळ चुकून फार सैल ठरवला असेल तर बोनस हाताबाहेर जात नाही. हुशार योजना आहे. पण माझा अनुभव सांगतो: शेडमध्ये ही चालत नाही. माझ्या इस्त्रीवाल्याला संध्याकाळी घरी जाताना आज आपले किती झाले हे बोटांवर मोजता आलं पाहिजे. ज्या योजनेला कॅल्क्युलेटर लागतो, त्या योजनेवर कामगार विश्वास ठेवत नाही. त्याला वाटतं, मालक काहीतरी लपवतोय.

दुसरा नियम: हिशोब बोटांवर व्हायला हवा.

आधी वाटेतले दगड उचला

योजना जाहीर करण्याआधी दोन आठवडे नुसतं मोजा. काय मोजायचं? काम कुठे थांबतं ते.

मी मोजलं आणि मला लाज वाटली. कारागीर दिवसातला बराच वेळ माझ्यामुळे थांबत होते. बटणं संपली. मॅचिंग धागा आला नाही. कटिंग मास्तरांनी बंडल दिलं पण कॉलरची पट्टी राहिली. ओव्हरलॉकची सुई तुटली आणि स्पेअर सुया दुकानात कुलूपबंद, किल्ली माझ्या खिशात, मी बँकेत. यातलं काहीही कारागिराच्या हातात नाही. मग त्याला जादा पैशांचं आमिष दाखवून काय होणार? त्याची चिडचिड तेवढी वाढणार.

याचा मोठा पुरावा आपल्या जवळच आहे. तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांमध्ये निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. तो २०१३ मध्ये छापून आला. सतरा कंपन्या होत्या. त्यांतल्या काहींना सल्लागारांनी साध्या गोष्टी लावून दिल्या: रोज दोषांची नोंद, मशीनची वेळेवर देखभाल, सुताच्या साठ्याची नीट मांडणी, कोणाचं काम काय याची स्पष्टता. कामगिरीवर आधारित जादा पैसे हाही त्यातला एक भाग, पण अनेकांपैकी एक. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

यातून काय घ्यायचं? पैशांआधी नोंद. ज्याची रोज नोंद होत नाही, त्यावर इन्सेंटिव्ह लावायचा नाही.

मी काय केलं? प्रत्येक मशीनजवळ सुया-बॉबिनची छोटी डबी. सकाळी बंडल देताना कॉलर, खिसा, बटण, धागा सगळं एका पिशवीत. आणि भिंतीवर एक पाटी: "काम कशामुळे थांबलं?" जो थांबेल तो खडूने एक रेघ मारणार. दोन आठवड्यांत अर्ध्याहून जास्त रेघा मालासमोर लागल्या. म्हणजे माझ्या नावासमोर. ते सुधारल्यावर एक रुपयाही न वाटता शर्ट वाढले.

एकट्याला द्यायचा की गटाला?

हा प्रश्न फार जण विचारतात. शिलाईच्या धंद्यातलीच दोन उदाहरणं देतो, दोन्ही अमेरिकेतली.

लेव्हाय स्ट्रॉस, आपली जीन्सवाली कंपनी. १९९२ मध्ये त्यांनी तिथल्या कारखान्यांत एकेकट्याचा पीस रेट काढला आणि गटाच्या उत्पादनावर कमाई ठेवली. हेतू चांगला होता: माणसं एकमेकांना मदत करतील, एकच एक काम करून हात दुखणार नाहीत. झालं उलटं. जलद हाताच्या कारागिरांची कमाई घटली, हळू काम करणाऱ्यांवर ते चिडू लागले. आजारी पडून सुट्टी घेणाऱ्यालाही बोलणी बसायची. वर्षानुवर्षं शेजारी बसून काम केलेल्या बायका एकमेकींशी भांडू लागल्या.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या नापा इथल्या कोरेट कंपनीचं. तीही कपडे शिवणारी. नव्वदच्या दशकात तिथेही गट आले. पण सुरुवातीला गटात जायचं की नाही हे कारागिरांवर सोडलं होतं. गंमत म्हणजे जलद हाताचेच लोक आधी गेले. काहींनी तर कमाई थोडी घटत असतानाही गट पसंत केला. या कारखान्याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. गटांमुळे उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं.

एकच धंदा, एकच कल्पना, दोन निकाल. फरक अनेक असतील, पण आपल्या कामाचा फरक हा: एका ठिकाणी गट वरून लादला, दुसऱ्या ठिकाणी माणसांना निवड दिली.

लहान युनिटसाठी माझा सल्ला असा. एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून असेल, जसं आमच्याकडे शिलाई, काज-बटण, इस्त्री, तर गटाचा इन्सेंटिव्ह ठेवा. काम पूर्णपणे वेगळं असेल, उदाहरणार्थ प्रत्येक लेथवर वेगळा जॉब, तर एकेकट्याचा चालेल. आणि गट करताना आठ-दहा माणसांपेक्षा मोठा करू नका. पन्नास माणसांच्या गटात माझ्या कष्टाचा मला दिसणारा वाटा पन्नासावा. मग कोण जीव तोडून काम करेल?

आता किती द्यायचं? हे घ्या गणित

आमचेच आकडे, हिशोबाला सोपे करून.

आठ माणसं, प्रत्येकी दिवसाची मजुरी ४८० रुपये. दिवसाला ३,८४० रुपये. आठवड्याचे सहा दिवस, एकूण २३,०४० रुपये.

आठवड्याला पास झालेले शर्ट ३६०. म्हणजे एका शर्टामागे मजुरी ६४ रुपये.

हा ३६० आकडा कुठून आला? मागच्या बारा आठवड्यांची सरासरी. सणाचा आणि लाइट गेल्याचा आठवडा सोडून. मला हवा असलेला आकडा नाही, प्रत्यक्ष निघालेला आकडा. याला आपण पाया म्हणू.

आता नियम: पायाच्या वर निघालेल्या प्रत्येक पास शर्टाला, शर्टामागच्या मजुरीच्या निम्मे, म्हणजे ३२ रुपये, गटाच्या खात्यात.

समजा एका आठवड्याला ४०० शर्ट पास झाले. जादा ४०. चाळीस गुणिले ३२, एकूण १,२८० रुपये. आठ माणसांत सारखे वाटले तर प्रत्येकी १६० रुपये. कोणी दोन दिवस गैरहजर असेल तर हजेरीच्या दिवसांप्रमाणे वाटणी.

मालकाला काय मिळालं? एकूण खर्च २३,०४० अधिक १,२८०, म्हणजे २४,३२० रुपये. भागिले ४०० शर्ट. शर्टामागे ६० रुपये ८० पैसे. आधी ६४ होते. शर्टामागे ३ रुपये २० पैसे वाचले. चारशे शर्टांवर किती? १,२८० रुपये. बरोबर तेवढेच, जेवढे कामगारांना दिले. निम्मे त्यांचे, निम्मे तुमचे. शेडचं भाडं तेच, मशीनचा हप्ता तोच, आणि जादा चाळीस शर्टांचा नफा वेगळाच.

आता कळलं, मार्चअखेर माझ्या पोटात कळ का यायला नको होती? ताईंना सव्वादोन हजार गेले, कारण माझ्याकडे त्याहून जास्त आले होते. मी फक्त गेलेले पैसे वहीत लिहिले, आलेले लिहिलेच नाहीत. म्हणून सांगतो, इन्सेंटिव्हच्या रजिस्टरमध्ये दोन रकाने ठेवा: दिले किती, वाचले किती. दर वाढवायचा-कापायचा विचार आला की आधी दुसरा रकाना वाचा.

निम्म्याचा वाटा हा सुरुवातीला सोपा आणि समजावून सांगता येणारा आकडा आहे. तुमच्या धंद्यात माल महाग आणि मजुरी कमी असेल, तर शर्ट मोजण्याऐवजी वाया जाणारा माल मोजा आणि वाचलेल्या मालाच्या किमतीचा वाटा द्या. गणित तेच.

भिंतीवर लावायचा कागद

योजना तोंडी सांगू नका. एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा आणि सही करून भिंतीवर लावा. तुमच्याकडे हिंदी बोलणारे कारागीर असतील तर शेजारी हिंदीतही. आमच्या कागदावर सहा ओळी आहेत:

१. आठवड्याला ३६० पास शर्टांच्या वर प्रत्येक शर्टाला ३२ रुपये गटाला.

२. अल्टर झालेला शर्ट दुरुस्त होऊन पास झाला की मोजला जाईल. गिऱ्हाइकाकडून शिलाईच्या दोषामुळे परत आलेला शर्ट पुढच्या आठवड्याच्या मोजणीतून एक कमी. पगारातून काहीही कापणार नाही.

३. दर सोमवारी हिशोब पाटीवर, दर शनिवारी पैसे हातात.

४. माल नसल्यामुळे किंवा लाइट गेल्यामुळे काम थांबलं, तर तेवढ्या वेळेपुरता पाया कमी धरला जाईल.

५. कमाई कितीही वाढली तरी ३२ रुपये हा दर आणि ३६० हा पाया एक वर्ष बदलणार नाही.

६. नवीन मशीन आलं किंवा शर्टाची डिझाइन बदलली, तर नवीन पाया सगळ्यांसमोर दोन आठवडे मोजून ठरेल.

पाचवी ओळ सगळ्यात महाग आहे आणि सगळ्यात गरजेची. अमेरिकेत ओहायो राज्यात लिंकन इलेक्ट्रिक नावाची वेल्डिंगची यंत्रं बनवणारी कंपनी आहे. पीस रेट तिथे फार जुना आणि १९३४ पासून वर्षअखेरचा बोनस. व्यवस्थापन शिकणारे अजून तिचा अभ्यास करतात. तिथला मूळ नियम हाच: कामगार फार कमावतो म्हणून दर बदलायचा नाही, कामाची पद्धत किंवा यंत्र बदललं तरच बदलायचा. शिवाय तिथला बोनस नुसत्या उत्पादनावर ठरत नाही. कामाचा दर्जा, भरवशाचं वागणं, नवीन कल्पना आणि इतरांना सहकार्य हेही बघतात. आणि ज्याच्या हातून दोष झाला, तो दुरुस्तही त्यानेच करायचा.

तिसऱ्या ओळीबद्दल एक शब्द. दिवाळीला एकदम दहा हजार देणं चांगलंच आहे, पण त्याने मंगळवारच्या कामाचा वेग वाढत नाही. काम आणि पैसे यांच्यात जितके दिवस जातात, तितका त्यांचा संबंध पुसट होतो. शनिवारी संध्याकाळी हातात आलेले १६० रुपये घरी जाताना मटण होऊन जातात, आणि ते घरात सगळ्यांना कळतं.

चेकिंग कोण करतं? आमच्याकडे माझी पत्नी, दुकानातून. तिचा वाटा गटात नाही. मोजणाऱ्याचं पोट मोजणीवर असेल तर मोजणी बिघडते. हे कोणावर संशय म्हणून नाही, मी असतो तरी बिघडली असती.

कायद्याचं विसरू नका

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, किमान वेतन. कारागीर पीस रेटवर असला तरी पूर्ण दिवस काम केल्यावर त्याला तुमच्या उद्योगाच्या आणि झोनच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. इन्सेंटिव्ह त्याच्या वर.

दुसरी, कायद्याचा बोनस. तो किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के. तुमच्या युनिटला तो लागू असेल तर "मी इन्सेंटिव्ह देतो, मग बोनस कशाला?" असं परस्पर ठरवता येत नाही. लागू आहे की नाही, आणि इन्सेंटिव्हवर पीएफ-ईएसआयचा हिशोब कसा धरायचा, हे तुमच्या कामगार सल्लागाराला विचारून लेखी घ्या.

तिसरी, ओव्हरटाइम. जादा वेळ थांबवून काढलेलं जादा काम म्हणजे उत्पादकता नव्हे. आठ तासांत जे वाढलं ते इन्सेंटिव्हमध्ये. जादा तासांचे पैसे ओव्हरटाइमच्या नियमाने, दुप्पट दराने. दोन्ही एकत्र कराल तर माणसं सहानंतरच काम करायला लागतील.

आज रात्रीचा गृहपाठ

एक: मागच्या बारा आठवड्यांचा पास मालाचा आकडा काढा. निघत नसेल तर इन्सेंटिव्ह विसरा, उद्यापासून नोंद सुरू करा.

दोन: "काम कशामुळे थांबलं?" ही पाटी दोन आठवडे लावा. तुमच्या नावासमोरच्या रेघा आधी पुसा.

तीन: भिंतीवरचा कागद लिहा. पाचवी ओळ लिहिताना हात थरथरला तर थांबा. दर इतका ठेवा की कामगाराने दुप्पट कमावलं तरी तुम्हाला आनंद व्हायला हवा. तसा दर सापडत नसेल तर गणितात चूक आहे, पुन्हा करा.

चार: कागद लावण्याआधी तुमच्या सगळ्यात जुन्या कारागिराला वाचून दाखवा आणि विचारा, "यात मी तुम्हाला कुठे फसवू शकतो?" तो जे बोट ठेवेल, ते दुरुस्त करा. हा प्रश्न मी ताईंना विचारला असता तर ती एक एप्रिल आलीच नसती.

शेवटी त्यांचं सांगतो. पुढच्या वर्षी कागद भिंतीवर लागल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. कागदाचा फोटो दाखवला. त्यांनी पाचवी ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "सही कोणाची आहे?" म्हटलं, "माझी." त्या म्हणाल्या, "एक हंगाम बघते आधी." तो हंगाम त्या दुसरीकडेच होत्या. बरोबरच केलं त्यांनी. पुढच्या फेब्रुवारीत त्या परत आल्या, खिडकीजवळच्या त्यांच्या जुन्या मशीनवर बसल्या. परवा संध्याकाळी पाटी बघितली, तर आकडा बाराच्या बराच वर होता. मी काही बोललो नाही. दुसरा रकाना भरला आणि दुकानात गेलो.

पुढच्या भागात अल्टर आणि रिजेक्शनची नोंदवही कशी ठेवायची ते बघू. तोपर्यंत गृहपाठ करा, आणि पाटीवर कोणाच्या नावासमोर किती रेघा लागल्या ते मला नक्की कळवा. खरं कळवा!